शून्य, लाभ, दोन

वडीगोद्रीच्या फाट्यावर पाऊस असा कोसळत होता की समोरचा हायवे दिसेना, आणि दैवशालाला त्या पावसाचं काडीचंही कौतुक नव्हतं. एरवी तिला पाऊस आवडायचा. पण आज ती रागावलेली होती, आणि रागावलेल्या माणसाला पाऊससुद्धा मुद्दाम पडतोय असंच वाटतं.

रविवार मावशीकडे काढून ती सकाळच्या एसटीनं जालन्याला ऑफिसात जायला निघाली होती. एसटीचा पत्ता नव्हता. हॉटेलच्या पत्र्याखालच्या बाकड्यावर बसून तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं, आणि पडद्यावर जे उमटलं ते वाचून चहाचा कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आला.

‘तुम्हाला हे पान फक्त पाहता येईल. बदल करण्याची परवानगी नाही.’

तिनंच बनवलेलं पान! त्यातली एकेक चौकट, एकेक बटण तिच्या हातचं. आणि आज तिलाच त्यात बोट घालायची मनाई!

“माझ्याच घराला बाहेरून कडी लावली मेल्यानं!” ती मोठ्यानं बोलून गेली.

“कोणी?”

खांबापाशी चहाचा ग्लास घेऊन एक तरुण उभा होता. शेजारच्या पंक्चरच्या दुकानात त्याची गाडी जॅकवर चढवलेली होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात चाकाच्या काळ्यानं माखलेले, केसांतून पाणी ठिबकत होतं... आणि डोळ्यांत उगाचच हसू. दैवशालाला ते हसू आवडलं नाही. म्हणजे – आवडलं नाही असं तिनं ठरवलं.

“तुम्हाला न्हाई कळायचं,” ती म्हणाली. “सॉफ्टवेअरचं आहे.”

“सांगून तर बघा.”

आता रागावलेल्या माणसाला कोणी ‘सांगून तर बघा’ म्हटलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दैवशालानं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि सुरुवात केली.

“जालन्याच्या मोंढ्यातले भाव दाखवणारं आमचं ॲप आहे. मोबाइलवर दिसतं, लिलावाच्या ओट्यावर मोठ्या पडद्यावर दिसतं. ते ॲप डब्यात भरून चालवायचं असतं. डबा म्हणजे जेवणाचा न्हाई, हसू नका. कंपुटरच्या आतला डबा. सकाळी मोसंबीच्या लिलावाला गर्दी झाली की त्याच ॲपचे आणखीन डबे लावायचे, दुपारी गर्दी सरली की कमी करायचे. एक तरी डबा चालू पाहिजे, न्हाई तर पडदा काळा. कळलं?”

“कळतंय.”

“आधी हे सगळं एका लांबलचक फायलीत लिहावं लागायचं. एक मोकळी जागा इकडची तिकडं झाली की सगळं बसलंच. मी नसले की ऑफिसातल्या लोकांच्या पोटात गोळा. मंग मी फॉर्म बनवला. किती डबे, एका डब्याला मेमरी किती, ॲप नवं का जुनं. निवडा, बटण दाबा, झालं. आमचे राधेश्यामकाका बी करायला लागले बदल! आणि परवा पुण्याच्या कोण्या शहाण्यानं त्याला कुलूप लावलं. म्हणे जालन्याच्या फॉर्मात दोष आहे. दोष!”

“होता का दोष?”

“बिलकुल न्हाई!”

“आणि हा शहाणा... कोण आहे?”

“ऋषी म्हणून आहे कोणीतरी. कुणी पाह्यलंय त्याला? असंल चष्मेवाला, टकल्या. एसीत बसून कॉफी पिऊन राह्यला असंल.”

त्या तरुणाला जोरात ठसका लागला. चहा त्याच्या नाकात गेला असावा. दैवशालानं नाइलाजानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“आणि समजा तो भेटलाच,” ठसका आवरून त्यानं विचारलं, “तर काय कराल?”

राग होता, पण प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. कधीचं तयार होतं.

“एकच विचारीन. कुलूप लावायच्या आधी मला विचारलं का? जिनं बनवला तिला एक फोन केला का?”

त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं. तेवढ्यात एसटी आली आणि भर पावसात थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबली. दैवशाला लॅपटॉप पिशवीत कोंबू लागली तर पिशवीची चेन अडकली. त्या तरुणानं खांद्यावर टाकलेलं जॅकेट काढलं, काळे हात लागू नयेत म्हणून कोपरानंच ते लॅपटॉपवर पसरलं आणि तिच्याबरोबर रस्ता ओलांडला. ती चढली. तो खाली उभा राहून चिंब भिजत होता.

“जॅकेट!” ती खिडकीतून ओरडली.

“राहू द्या... आज भेट होईलच!”

कशी होईल भेट? नाव नाही, गाव नाही. येडाच आहे, असं म्हणून तिनं जॅकेट मांडीवर घेतलं. अंबड येईपर्यंत ती पुण्याच्या शहाण्यावर रागवायचं विसरूनच गेली होती, आणि ते लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

* * *

राधेश्यामकाकांची मोंढ्यात आडत होती आणि आडतीच्या माडीवर हे ऑफिस. पोरांनी खाली धान्यात हात घालावा की वर कंपुटरवर, काकांना दोन्ही सारखंच. गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं ॲपमध्ये अर्धी भागी घेतली, तेव्हापासून मात्र वरच्या मजल्यावर शब्द पुण्याचा चालायचा.

“ये बाई, जल्दी ये,” काका म्हणाले. “हे पुण्याहून आलेत बघ. नवा फॉर्म बनवणारेत. ऋषी.”

खुर्चीतून उठून उभा राहिलेला माणूस ओल्या शर्टात होता.

दैवशालानं त्याच्याकडे पाहिलं. मग हातातल्या जॅकेटकडे पाहिलं.

“चष्मा न्हाई तुम्हाला,” ती म्हणाली.

“नाही.”

“टक्कलही न्हाई.”

“अजून तरी नाही.”

“मंग फाट्यावर सांगायला तोंड न्हवतं का?”

“होतं. पण तुम्ही त्याच्याबद्दल इतकं मनापासून बोलत होतात... मध्ये बोलायला मनच होईना.”

काका आलटून पालटून दोघांकडे बघत राहिले. दैवशालानं जॅकेट टेबलावर ठेवलं – ठेवलं म्हणजे टाकलं – आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिचे कान लाल झाले होते. माणसानं एक तर शत्रू असावं, नाही तर पावसात आपला लॅपटॉप झाकावा. दोन्ही एकाच माणसानं करायचं म्हणजे काय?

तिचा राग फुकाचा नव्हता, हेही सांगून टाकते. गेल्या गुरुवारी मोसंबीचा लिलाव ऐन रंगात असताना ओट्यावरचा मोठा पडदा काळा झाला. भाव दिसेना. व्यापारी काकांच्या अंगावर धावले, शेतकरी दैवशालाच्या नावानं बोटं मोडू लागले. तिनं धावत येऊन डबे परत चालू केले, पण व्हायची ती शोभा झाली. आणि संध्याकाळी पुण्याहून अहवाल आला. ‘जालन्यात बनवलेल्या फॉर्ममधील दोषामुळे सर्व डबे बंद पडले. फॉर्म बनवणारी: दैवशाला.’ खाली ऋषीचं नाव. नवा फॉर्म पुण्यात बनणार, बदलही पुण्यातूनच होणार. मग दैवशालाकडे राहणार काय? व्यापाऱ्यांचे फोन उचलून ‘हां भाऊ, सांगते’ म्हणणं. तीर्थपुरीहून येऊन, खोली घेऊन, घरच्यांशी वाद घालून मिळवलेलं काम असं एका ओळीत संपणार होतं.

“मी त्या दिवशी पुण्यातून फक्त डबे कमी केले,” ऋषी सांगायचा. “एकच डबा ठेव म्हटलं. तुमच्या फॉर्मनं सगळे बंद केले. नोंदीत शून्य पडलंय.”

“माझा फॉर्म असं करत न्हाई.”

“केलं ना.”

“मंग तुम्हीच कायतरी केलं असंल.”

“मी पहिला पर्याय निवडला. त्यात काय करायचंय?”

“तुम्हालाच ठाऊक!”

रोज हेच. आतलं काम उघडून दाखवायला तिनं साफ नकार दिला. आधी कुलूप काढा, मंग आत या, हा तिचा हट्ट. तो म्हणे, आत बघितल्याशिवाय कुलूप कसं काढू? काका दोघांच्या मध्ये बसून पान लावायचे.

पण भांडण रोज करायचं म्हणजे रोज समोरासमोर बसावं लागतं. तिला कळायला लागलं की तो चहात साखर घेत नाही आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून गोड चहा निमूट पितो. त्याला कळलं की ती विचारात पडली की वेणीचं टोक बोटाला गुंडाळते. एकदा ती मान वर करते तो हा तिच्या बोटाकडेच बघत होता.

“काय आहे?”

“काही नाही. गाठ बसेल.”

“माझ्या वेणीलाही कुलूप लावणार का?”

तो हसला. तीही हसणार होती, पण वेळेवर सावरली.

* * *

“याला मोंढा दाखवून आण,” काका एका सकाळी म्हणाले. “पडदा कुठं आहे, लोक कुठं उभे राहतात, बघू दे. नुसतं वर बसून काय कळतंय?”

पावसानं उघडीप दिली होती. मोसंबीच्या ढिगांतून चालताना आंबटगोड वास नाकात भरत होता. दैवशालानं एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक मोसंबी घेतली, सोलली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

“भांडण संपलं असं समजू का?”

“भूक लागलीय असं समजा.”

“तुम्ही जालन्यात नव्या, मी जन्मानं जालन्याचा, आणि मोंढा मला तुम्ही दाखवताय.”

“कामून, कधी आला न्हाईत?”

“वडील बँकेत. आई शाळेत. घरात धान्य यायचं ते दुकानातून, पिशवीतून. मोंढ्यात यायचं कामच पडलं नाही... आणि मग पुणं.”

भुसाराच्या बाजूला एका ट्रकमध्ये सोयाबीनची पोती चढत होती. हमाल पोतं पाठीवर घेऊन फळीवरून जात होते आणि खाली उभा असलेला कडूबा मुकादम एका लयीत मोजत होता.

“लाभ... दोन... तीन... चार...”

ऋषीचं तोंड चावता चावता थांबलं.

“तो काय म्हणाला?”

“कोण?”

“तो. पहिल्या पोत्याला काय म्हणाला?”

“लाभ.”

“लाभ म्हणजे?”

“लाभ म्हणजे एक.” ती त्याच्याकडे नवलानं बघू लागली. “धान्य मोजताना पहिल्याला एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणतात. चांगलं असतं म्हणून. माझे बाबा बी तसंच मोजतात, काका बी. म्हणून तर फॉर्मात मी तसंच लिहिलं. काका म्हणले, बाई, आपलं माप लाभापासून सुरू होऊ दे.”

ऋषी शेजारच्या पोत्यावर मटकन बसला. मोसंबीची फोड हातातच राहिली.

“यादीत शून्य होतं, लाभ होतं, दोन, तीन...” तो हळूहळू बोलत होता. “एक नव्हतंच. मी शोधलं. मला वाटलं, लाभ म्हणजे नफा, कोणीतरी गंमत म्हणून घातलंय. आणि आम्ही... प्रोग्रॅम लिहिणारे लोक... आम्ही शून्यापासून मोजतो. पहिल्या वस्तूचा आकडा शून्य. म्हटलं हिनंही तसंच केलं असेल. शून्य निवडलं की एक डबा राहील.” त्यानं वर बघितलं. “दैवशाला, मी स्वतःच शून्य निवडलं. तुझ्या फॉर्मनं मी सांगितलं तेच केलं.”

तो ‘तुझ्या’ म्हणाला होता, पण तिचं त्याकडे लक्षच गेलं नाही.

“आणि विचारलं न्हाई,” ती म्हणाली.

“नाही.”

“कळलं न्हाई तरी विचारलं न्हाई. फोन होता, नंबर होता, काका होते. एक शब्द, एवढाच! त्याचा अर्थ विचारायला लाज वाटली तुम्हाला, आणि माझं नाव अहवालात लिहायला न्हाई वाटली!”

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. रडू आलं याचा तिला आणखीनच संताप आला. हातातली मोसंबी तिनं पोत्यावर ठेवली आणि ती तरातरा चालायला लागली. मागून त्यानं हाक मारली. ती वळली नाही.

खोलीवर जाऊन मात्र ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. राग खरा होता. पण मनाला फसवता येत नव्हतं. कोणी शून्य निवडलं तर फॉर्मनं एकदा तरी विचारायला नको होतं का, बाबा रे, सगळं बंद करायचंय का खरंच? तिच्या फॉर्मनंही विचारलं नव्हतं. त्यानं तिला विचारलं नाही आणि तिच्या फॉर्मनं त्याला विचारलं नाही. हे कळलं म्हणून तिला बरं वाटलं असं नाही. चिडायची जागा थोडी कमी झाली, एवढंच.

* * *

दुसऱ्या दिवशी पुण्याबरोबर बैठक होती. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचे चार चेहरे, इकडे काका, दैवशाला आणि ऋषी. दैवशालानं मनाशी ठरवलं होतं की हा गुळमुळीत काहीतरी बोलेल. ‘थोडा गैरसमज झाला होता’, ‘दोन्हीकडून’, असलं काहीतरी. मग ती उठून बोलणार होती. वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

“गुरुवारचा अहवाल मी मागे घेतोय,” ऋषी म्हणाला. “फॉर्ममध्ये दोष नव्हता. डबे मी बंद केले. यादीतला एक शब्द मला कळला नाही आणि मी विचारलं नाही. उलट ज्यांनी फॉर्म बनवला त्यांच्यावरच ठपका ठेवला आणि त्यांनाच बाहेर काढलं. अहवालाची दुरुस्ती मी सगळ्यांना पाठवलीय. त्यात माझं नाव आहे.”

पुण्याचे साहेब पडद्याजवळ सरकले. “कुठला शब्द?”

“लाभ.”

“असा शब्द फॉर्ममध्ये ठेवतात का हो?”

आता मात्र काकांनी पानाचा डबा बाजूला सारला. “साहेब, आमच्या मोंढ्यात तुम्ही एकापासून मोजून दाखवा. माल खाली ठेवतील लोक. म्हणतील, याला मोजताच येत न्हाई.”

साहेब हसले. कुलूप निघालं. दैवशालाच्या पडद्यावरची ती ओळ गेली आणि ‘लागू करा’ हे बटण पुन्हा हिरवं झालं. पाठ केलेली वाक्यं तिच्या तोंडातच राहिली, आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं. इतकी चांगली वाक्यं होती!

दुपारी ती त्याच्या टेबलापाशी गेली.

“आत बघायचं होतं ना? या. शून्य निवडलं की फॉर्म थांबून विचारंल, असं करायचंय. आणि लाभाच्या शेजारी कंसात एक लिहायचंय. तुमच्यासारख्यांसाठी.”

“माझ्यासारखे फार आहेत का?”

“देव करो, एकच असो.”

म्हणाली आणि मग तिला कळलं की आपण काय म्हणालो. तिनं घाईनं पडद्याकडे तोंड वळवलं. तोही पडद्याकडेच बघत होता, पण एकही अक्षर वाचत नव्हता.

त्यानंतर तो पुण्याला परत जायला हवा होता. गेला नाही. हे बघायचंय, ते तपासायचंय, असं करत राहिला. दोघं मोंढ्याबाहेरच्या गाड्यावर भजी खायची. भांडायची सवय तर मोडली नव्हतीच. मेमरी किती द्यावी यावर एकदा भर रस्त्यात इतका वाद घातला की भजीवाला मध्ये पडला. “ताई, जाऊ द्या ना, द्या त्याला काय पाहिजे ते.” दोघंही हसून हसून बेजार. हसता हसता त्याचा हात तिच्या हाताला लागला... आणि राहिला. तिनं काढून घेतला नाही. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल बोललं नाही. तो बोलेल, आज नाही तर उद्या बोलेल, असं दैवशाला रोज म्हणायची.

आणि तो बोलला. पण कुणाशी?

* * *

सुटीची ती तीर्थपुरीला घरी आली होती. आई सोनूबाई तव्यावर भाकरी टाकत होती. वडील कारभारी ओसरीवरून आत आले ते तोंडभर हसू घेऊन.

“जालन्याहून फोन आल्ता. सुहासिनीबाई म्हणून आहेत, शाळेत बाई आहेत. म्हणल्या, आमच्या ऋषीला तुमची पोरगी पसंत आहे, भेटायला कधी येऊ?”

“आपल्यातले न्हाईत ते,” सोनूबाई भाकरी उलटत म्हणाली.

“मंग काय झालं? बोलायला तर लई चांगल्या वाटल्या. मी म्हणलं, या रविवारी.”

दैवशालाच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच राहिला.

खरं सांगायचं तर तिच्या छातीत आधी आनंदानंच उडी मारली होती. ऋषीला पसंत आहे! ऋषीला! पण ती उडी जमिनीला लागायच्या आत दुसरी गोष्ट ध्यानात आली. त्यानं आपल्या आईला सांगितलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबांनी रविवारसुद्धा देऊन टाकला. सगळ्या जगाला सांगून झालं, आणि जिला विचारायचं ती स्वयंपाकघरात तांब्या धरून उभी!

“मला विचारलं का?” ती कडाडली.

“अगं, मी तुला आताच सांगून राह्यलो ना...”

“तुम्हाला न्हाई, बाबा. त्याला म्हणतेय.”

तिनं फोन लावला. पलीकडून एसटी स्टँडचा गलका ऐकू आला.

“कुठंय?”

“तीर्थपुरीत,” ऋषीचा आवाज पडेल होता. “स्टँडवर. आईनं फोन केला हे मला आत्ता तासाभरापूर्वी कळलं. मी लगेच निघालो...”

“तिथंच थांब.”

स्कूटी कशी काढली, बाजारपेठेतून कशी नेली, तिचं तिला कळलं नाही. तो स्टँडच्या भिंतीपाशी उभा होता. रसवंतीवाला, पानवाला, दोन म्हाताऱ्या, सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण तो सारखा येरझारा घालत होता.

“तू काय समजतोस काय स्वतःला?” तिनं गाडी न थांबवताच सुरुवात केली. पायानं स्टँड लावला तो दोनदा हुकला. “पसंत आहे म्हणे! मी काय दुकानात मांडलेली साडी आहे? आईला सांगता येतं, मला सांगता येत न्हाई?”

“मी आईला फक्त बोललो होतो... मन मोकळं करायला. ती फोन करेल असं वाटलं नव्हतं.”

“पण मला सांगायच्या आधी सांगितलं ना?”

“हो.”

“कामून?”

खाली बघूनच तो म्हणाला, “भ्यायलो होतो. तू नाही म्हणालीस तर... रोज तुझ्यासमोर बसायचं कसं?”

“म्हणजे मी न्हाई म्हणू नये म्हणून तू विचारलंच न्हाई! लाभाच्या वेळी बी हेच केलंस. विचारलं तर आपलं अज्ञान दिसंल म्हणून गप्प बसलास, आणि भोगलं मी. आता बी तसंच. तुला भीती वाटली की तू मला वगळूनच सगळं ठरवतोस. असा माणूस घेऊन मी काय करू, ऋषी? जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकू का, आपलं काय ठरलं ते?”

हे बोलताना मात्र ती ओरडली नाही. आवाज खाली आला होता आणि डोळे भरले होते. कारण हेच खरं होतं. तो आवडत होता, फार आवडत होता, आणि म्हणूनच हे तिला सहन होत नव्हतं.

ऋषीनं मान वर केली. सगळा स्टँड ऐकतोय हे त्याला दिसत होतं. त्यानं घसा साफ केला.

“दैवशाला, तू माझ्याशी–”

नेमकं तेव्हाच उसाचा ट्रॅक्टर कर्णा वाजवत वळणावरून आला. पुढचे शब्द त्यात बुडाले.

“काय?”

“तू माझ्याशी लग्न करशील का?” तो ओरडला. ट्रॅक्टर नेमका त्याच वेळी पुढे निघून गेला होता, त्यामुळे हे वाक्य रसवंतीपासून पानटपरीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. त्याचा चेहरा लालेलाल झाला, पण तो थांबला नाही. “मला ठाऊक नाही तू काय म्हणशील. नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे... चालणार नाही, वाईट वाटेल, खूप वाटेल. पण तुला विचारतोय. आधी विचारायला हवं होतं. आत्ता विचारतोय.”

दैवशाला बोलायला गेली तर तिच्याकडे रागाचा एकही शब्द उरला नव्हता. शोधला तरी सापडेना. समोर हा उभा, घामानं ओला, कानापर्यंत लाल, आणि खरोखरच तिच्या उत्तराची वाट बघणारा. आजवर तिच्याबद्दलच्या कुठल्याच गोष्टीत कोणी असं थांबलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

“काय?”

“आता कुठला ट्रॅक्टर आहे? हो म्हणाले! मोठ्यानं म्हणू का?”

दोन म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, “आम्हाला आलं बाई ऐकू.”

तो हसायला लागला. तिनं डोळे पुसले आणि बोट नाचवत म्हणाली, “पण तुझ्या आईचा सकाळचा फोन मी धरत न्हाई. त्यांना परत करायला लाव. आता. माझ्या होकारानंतर.”

“अगं पण रविवार ठरलाय...”

“ठरलेला बी मोडला. पुन्हा ठरवायचा. मला विचारून.”

त्यानं निमूट फोन काढला.

ती घरी पोचली तेव्हा कारभारी ओसरीवर बसले होते, पोरगी कुठं पळाली या काळजीत. तिनं गाडी लावली, चपला काढल्या, आणि त्यांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं.

“अगं, जालन्याच्या बाईच आहेत. सकाळीच तर बोलल्या सगळं.”

“सकाळचा फोन धरायचा न्हाई, बाबा. तवा मला कुणी विचारलं न्हवतं.”

“आणि आता?”

“आता विचारलंय.”

कारभारींनी लेकीच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. राग होता, थोडा होता अजून, पण त्याच्या मागून जे काही फुटून बाहेर येऊ बघत होतं ते तिच्यानं लपत नव्हतं. त्यांनी खाकरून आवाज गंभीर केला आणि फोन कानाला लावला.

“हां, नमस्कार ताई... न्हाई न्हाई, सकाळचं राहू द्या. बोला तुम्ही. पहिल्यापासून बोला.”